काट्यावर लगेच विश्वास नको

भावा, मारुती ८०० चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) पहिल्यांदाच बघतोयस ना? मग इंजिन आधी गरम कर. तिन्ही प्लग काढ, कॉइलची करंटची वायर सोडव (इंजेक्शनवाली असेल तर इंजेक्टरचे सॉकेटही). एकेका प्लगच्या भोकात काट्याचा कॉम्प्रेशन गेज लाव आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून ५-६ सेकंद सेल्फ मार, तिन्ही सिलिंडरांना सारखाच. नवखे इथंच चुकतात: थ्रॉटल बंद (अ‍ॅक्सिलरेटर न दाबलेला), बॅटरी अर्धमेली, म्हणून आकडा कमी येतो, आणि धडधाकट इंजिन खोलून बसतात!

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, आकडा पुस्तकापेक्षा थोडा कमीच येणार. सिलिंडरांतला फरक बघ. १५ टक्क्यांवर गेला तर कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत माप. काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग). शेजारचे दोन एकदम कमी असतील तर बहुधा गॅस्केटच. लीक-डाउनचं (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती कुठून होते ते बघायची टेस्ट) नंतर बघू, पण उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, हेड न्यायच्या आधी.