पावतीवर भलत्याच मुलाचं नाव

प्रश्न : ताई, आमचं एका क्लासची ऑनलाइन फी घ्यायचं पोर्टल आहे, जावा आणि स्प्रिंग बूटवर. एरवी सगळं नीट चालतं पण फीच्या शेवटच्या तारखेला गर्दी झाली की एका पालकाच्या पावतीवर दुसऱ्याच मुलाचं नाव येतं, कधीकधी एकच पावती नंबर दोघांना जातो. माझ्या लॅपटॉपवर हे एकदाही झालं नाही. सीनियर म्हणाले मेथडला सिंक्रोनाइझ्ड (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लाव, लावलं, नावांचा घोळ थांबला पण साइट रांगायला लागली आणि डुप्लिकेट नंबर तरीही येतातच. नक्की काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अरे, तुझे हे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोघांवर एकच गोळी दिलीय.

आधी नावांचं बघू. तुझा कोड मी पाहिला नाहीये पण पैज लावते, कंट्रोलरच्या (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडच्या) क्लासमध्ये वरती कुठेतरी विद्यार्थ्याचं नाव ठेवायला एक फील्ड, म्हणजे ऑब्जेक्टसोबतच राहणारी जागा, असणार. स्प्रिंगमध्ये कंट्रोलर, सर्व्हिस वगैरे बीन (स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतं ते ऑब्जेक्ट) बाय डिफॉल्ट सिंगलटन असतात, म्हणजे अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये त्याचा ऑब्जेक्ट एकच, आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या एका धाग्यावर) त्याच ऑब्जेक्टमध्ये घुसते. टॉमकॅटमध्ये, म्हणजे स्प्रिंग बूटसोबत येणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये, काही बदललं नसेल तर असे 200 पर्यंत थ्रेड एका वेळी कामाला असतात. म्हणजे पाटी एक आणि लिहिणारे दोनशे! एकीच्या आईने नाव लिहिलं, पावती छापायच्या आत दुसऱ्याच्या बाबांनी ते पुसून आपलं लिहिलं, झालं.

यावर कुलूप लावायचं नसतं रे, पाटीच प्रत्येकाला वेगळी द्यायची. ते फील्ड काढून टाक आणि नाव मेथडच्या आत लोकल व्हेरिएबलमध्ये घे, पुढच्या मेथडला पॅरामीटर म्हणून पाठव. लोकल व्हेरिएबल त्या त्या थ्रेडच्या स्टॅकवर (त्याच्या खासगी मेमरीत) असतं, तिथे दुसऱ्याचा हात पोचत नाही. (ते व्हेरिएबल एखाद्या सामायिक ऑब्जेक्टकडे बोट दाखवत असेल तर मात्र घोळ तसाच राहतो, हे लोक हमखास विसरतात.)

सिंक्रोनाइझ्डने साइट का रांगली? कारण त्या मेथडमध्ये आता एका वेळी एकच थ्रेड, बाकी सगळे दाराबाहेर. त्यात पेमेंट गेटवेचा कॉलही त्याच मेथडमध्ये असेल आणि त्याला 2 सेकंद लागत असतील तर मिनिटाला फक्त 30 पावत्या, मग सर्व्हर कितीही महागाचा घ्या. लॉक धरून नेटवर्कवर वाट बघत बसायचं नाही, एवढं तरी सीनियरना सांगच.

आता पावती नंबर. तुम्ही काउंटर प्लस प्लस करत असाल, दिसायला ती एक ओळ पण आत तीन कामं आहेत, जुना आकडा वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोन थ्रेडनी एकदमच 541 वाचला तर दोघेही 542 लिहिणार. हे सिंक्रोनाइझ्डने किंवा अ‍ॅटॉमिक इंटीजरने (ही तिन्ही कामं एका दमात करणाऱ्या काउंटरने) थांबतं, पण फक्त एका जेव्हीएमच्या, म्हणजे चालू असलेल्या एका जावा प्रोग्रामच्या, आत. तरीही नंबर डुप्लिकेट येतायत म्हणजे माझा अंदाज, गर्दीसाठी तुम्ही लोड बॅलन्सरमागे (रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन सर्व्हर लावलेत आणि दोघांचा काउंटर आपापला आहे. इथलं कुलूप तिथल्या दाराला कसं लागेल? नंबर डेटाबेसकडूनच घ्या, सीक्वेन्स (डेटाबेसचा स्वतःचा नंबर देणारा काउंटर) त्यासाठीच असतो, आणि पावती नंबरच्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) आजच लावा म्हणजे पुन्हा चूक झाली तर पालकांच्या आधी तुम्हाला कळेल. एक गंमत आहे, ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही असं डेटाबेसचं काम) फसलं तरी सीक्वेन्सचा नंबर परत येत नाही, मधले नंबर गाळले जातात. अकाउंटंटला सलग नंबर हवेच असतील तर काउंटरची एक रो ठेवून पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट करा, तिथे रांग लागेल पण रो-लॉकपुरती, म्हणजे त्या एका रोच्या कुलपापुरती, गेटवेचा कॉल मात्र त्याच्या बाहेर ठेवा.

तारखासुद्धा कधी विचित्र येत असतील तर स्टॅटिक (सगळ्यांत सामायिक) सिंपलडेटफॉरमॅट शोध, तारीख छापणारा क्लास. तो थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरला तर बिघडतो, आत एक कॅलेंडर ठेवतो आणि सगळे त्यावरच गिरगटतात. जावा 8 म्हणजे 2014 पासून डेटटाइमफॉरमॅटर आहे, तो वापर. टीममधलं कोणीतरी थ्रेडलोकल (प्रत्येक थ्रेडला आपापली वेगळी पाटी) सुचवेलच, पण पूलमधले थ्रेड पुन्हापुन्हा वापरले जातात, शेवटी रिमूव्ह करायला विसरलात तर मागच्याचं नाव पुढच्याला, परत तेच!

लॅपटॉपवर दिसत नाही कारण तू एकटाच आहेस. सिंक्रोनाइझ्ड लावायच्या आधीचा जुना कोड घे, नाव फील्डमध्ये टाकल्यावर 5 सेकंदांचा थ्रेड स्लीप (मुद्दाम थांबा) घाल, दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या नावांनी लॉगिन कर आणि पाठोपाठ बटण दाब. पहिल्या झटक्यात दिसेल. मग दुरुस्त कोडवर तोच प्रयोग कर, आणि तेव्हा सिंक्रोनाइझ्ड काढून बघ हं.

प्रश्न : आम्ही नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर) आहोत, आमचा जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालतो, म्हणजे ही भानगड आम्हाला नाही ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आहे की! दोन ओळींच्या मध्ये अवेट (उत्तर येईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) आला की तेवढ्यात दुसरी रिक्वेस्ट आत येऊन जाते. शिबिराची एक जागा उरलीय असं वाचलं, अवेट, मग बुक केली, हे दोघांनी केलं की एका खुर्चीवर दोन जण. वाचणं आणि कमी करणं वेगळं ठेवू नका, 'जागा शून्यापेक्षा जास्त असेल तरच एक कमी कर' अशी एकच अपडेट क्वेरी द्या आणि किती रो बदलल्या ते बघा. शून्य आल्या तर जागा संपलीय, तसं सरळ सांगा.