घरी गुणी, कमेंटमध्ये उर्मट

"मॅडम, आमचा मुलगा मोठ्यांना उलटून बोलत नाही, पाहुणे आले की उठून पाणी देतो. मग मोबाईलवर असं कसं लिहितो?" हा प्रश्न घेऊन बरेच आईवडील माझ्याकडे येतात. त्यातलंच हे एक घर. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरावीतला. त्याच्या वर्गमित्राने वडिलांच्या वडापावच्या गाडीचं रील इन्स्टाग्रामवर टाकलं. कढईत वडे सोडताना वडील कॅमेऱ्याकडे बघून जरासे लाजलेले. याने खाली लिहिलं, 'आधी तेल बदला, मग रील काढा.' हसण्याच्या इमोजी आल्या, मग बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. कुणी वडिलांच्या बनियनवर, कुणी त्यांच्या बोलण्यावर. रात्रीपर्यंत मित्राने रील काढून टाकलं आणि क्लासला येणंच थांबवलं. स्क्रीनशॉट फिरत फिरत याच्या आईपर्यंत पोचला. तिने मोबाईल काढून घेतला आणि त्याला माझ्यासमोर आणून बसवलं.

"मस्करी होती. सगळेच लिहितात," तो म्हणाला.

"त्या गाडीवर कधी खाल्लं आहेस?"

"क्लास सुटला की तिथेच जातो."

"तेलाबद्दल कधी बोललास त्यांना?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "काकांना तोंडावर कसं बोलणार?"

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्या या वाक्यात सापडतं. समोर माणूस असला की त्याचा पडलेला चेहरा आपल्याला आवरतो. स्क्रीनवर तो दिसत नाही, दिसतात त्या हसणाऱ्या इमोजी. जॉन सुलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये याची कारणं मांडली होती: आपण दिसत नाही, समोरच्याची प्रतिक्रिया त्याच क्षणी येत नाही आणि हे सगळं खेळातलंच वाटतं. पुढे २०१२ मध्ये इस्रायलमधल्या दोन संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी अनोळखी लोकांना जोड्या करून चॅटवर चर्चा करायला लावली. नाव लपलेलं असण्यापेक्षाही नजरेला नजर नसणं हेच उद्धट बोलण्यामागचं मोठं कारण निघालं. आपल्या मुलाला तर वर्गातले सगळे नावाने ओळखत होते, तरी त्याने लिहिलंच.

म्हणून "आमचे संस्कार कमी पडले" असं आईवडील म्हणतात तेव्हा मी त्यांना थांबवते. आपण मुलांना समोरच्या माणसाशी कसं वागायचं ते शिकवलं. जो समोर नाही त्याच्याशी कसं वागायचं, हे फारसं कुणी शिकवलेलंच नाही. आणि मुलं ते आपल्याकडे बघून शिकतात. मी आईला विचारलं, "ताई, घरच्या ग्रुपवर कुणाचा फोटो आला की जेवताना त्यावर काय बोलणं होतं?" त्या थोड्या थांबल्या. जाऊबाईंच्या साडीवरून आदल्याच आठवड्यात हसणं झालं होतं, आणि मुलगा ताटावर होता. हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, याचा मला फार आदर वाटला.

नुसता मोबाईल काढून घेण्याने मुलाला राग येतो, समज येत नाही. आम्ही माफीवर काम केलं. त्याला इन्स्टावरच 'सॉरी' टाकून मोकळं व्हायचं होतं. मी नको म्हटलं, कारण त्यामुळे रील न पाहिलेल्यांनाही तो प्रकार कळला असता. आधी मित्राला एकट्याला भेटायचं, 'मस्करी होती' हे शब्द वापरायचे नाहीत, आणि ग्रुपवर काही लिहायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्यायचं. मित्र म्हणाला, ग्रुपवर लिही. याने लिहिलं. खाली एकही इमोजी आली नाही.

पुढच्या भेटीत तो चिडलेला होता. "माफी मागितली तरी तो बोलत नाही." मी म्हटलं, ते त्याच्यावर आहे. माफी मागणं तुझं काम होतं, ते तू केलंस. त्याला हे पटायला वेळ लागला, आणि माझ्या मते त्या सगळ्या भेटींमधलं खरं शिक्षण तेच होतं.

एक गोष्ट मात्र लिहिणाऱ्या मुलाच्या पालकांइतकीच दुसऱ्या बाजूच्या पालकांसाठीही. चिडवलं गेलेलं मूल जेवण टाळत असेल, क्लास सोडत असेल, तर 'दुर्लक्ष कर' म्हणू नका. कमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, शिक्षकांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.