इंदूरमध्ये जुनी ऐरण मिळतेय. खरी आहे का हे कसं ओळखायचं, आणि किती पैसे द्यावेत?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: सियागंजच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे शिंगाची (एका बाजूला निमुळतं टोक असलेली) जुनी ऐरण आहे. तिच्या कुशीवर १ १ १४ असे आकडे आहेत. तो म्हणतो, "भिया, पहली जनवरी चौदह की है, अंग्रेजों के जमाने की," आणि अँटिक म्हणून पस्तीस हजार मागतोय.

पहिली जानेवारी विसरा. ते वजन आहे. जुन्या इंग्लिश ऐरणींवर वजन हंड्रेडवेटमध्ये ठोकायचे. पहिला आकडा ११२ पौंडांचा, मधला २८ पौंडांचा, शेवटचा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२ + २८ + १४ = १५४ पौंड, जवळपास ७० किलो. या पद्धतीत मधला आकडा ३ च्या आणि शेवटचा २७ च्या पुढे जात नाही. आधी तिला काट्यावर चढवायला लावा. एखाद-दुसरा किलो कमी भरली तर ती झीज. चार-पाच किलोंचा फरक आला तर टाचेचा (शिंगाच्या उलट टोकाचा) तुकडा उडालाय का, माथा (वरचा सपाट भाग) मशीनवर खरवडलाय का, ते बघा.

नाव वाचायचं तर तारेच्या ब्रशने रंग काढा आणि खडू आडवा घासा, बुजलेली अक्षरं उठून दिसतात. 'पीटर राईट', 'सॉलिड रॉट' असं काही निघालं तर ती इंग्लंडातल्या डडलीची, घडीव लोखंडाची आणि वर पोलादी पाटा जोडलेली. घडीव ऐरणीवर अक्षरं आत ठोकलेली असतात, आणि कमरेला किंवा बुडाला सांडशीने उचलायची चौकोनी भोकं असतात. उठावाची अक्षरं आणि मधोमध साच्याची रेघ दिसली तर माल ओतीव. ओतीव म्हणजे वाईटच असं नाही, स्वीडनच्या ओतीव पोलादाच्या ऐरणी उत्तम असतात. पण आपल्याकडे काळा रंग फासून विकतात त्या बहुतेक बिडाच्या, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाच्या.

हे मी पैसे घालवून शिकलो. सांवेर रोडला शेड टाकली तेव्हा पहिली ऐरण संध्याकाळी, बल्बच्या उजेडात घेतली. विकणारा म्हणाला, मिलच्या वर्कशॉपमधली आहे. (हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, तेव्हापासून इथली प्रत्येक ऐरण मिलचीच असते.) तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर घण बसला आणि सुपारीएवढा तुकडा उडाला. आत करडं, दाणेदार बीड.

तेव्हापासून माझ्या खिशात बेअरिंगचा इंचभराचा छर्रा असतो. स्टीलची फूटपट्टी माथ्यावर उभी धरायची आणि छर्रा १२ इंचांवरून सोडायचा. चांगल्या माथ्यावर तो ९-१० इंच उसळतो, बिडावर तीन-चार इंचांत बसतो. एकाच जागी सोडून भागत नाही, दोन-तीन बोटांच्या अंतराने सगळा माथा तपासा. मधेच एखाद्या जागी छर्रा मेल्यासारखा पडला तर तिथे पाटा खालून सुटलाय किंवा कुणीतरी वेल्डिंग भरून पोलाद नरम केलंय. त्या जागी कानस लावून बघा. कडक माथ्यावर ती घसरते, नरम जागी चावते. शिंग आणि माथा यांच्यामधल्या पायरीवर कानस चावली तर घाबरू नका, घडीव ऐरणीत ती जागा नरमच असते. तिथे पाटा नसतो.

नादावर फार विसंबू नका. मातीत रुतलेली किंवा पट्ट्यांनी आवळलेली चांगली ऐरणही बद्द वाजते. मात्र लाकडावर मोकळी ठेवूनही फुटक्या मडक्यासारखी वाजली तर माथ्यावर टाचेजवळ असलेल्या चौकोनी भोकाचे कोपरे भिंगाने बघा. तडा बहुतेकदा तिथूनच निघतो.

कडा थोड्या उडालेल्या असतील तर चालतं, शाबूत अशी वीतभर कड मिळाली की काम होतं. माथा मधे किंचित खचलेला असेल तरीही. मला भीती वाटते ती आरशासारख्या चकचकीत माथ्याची. वरचा पाटा मुळात साधारण अर्ध्या इंचाचा, त्यातला किती मशीनने खाल्ला हे बाहेरून कळत नाही.

आता पैशाचं. त्या दिवशीचा भंगाराचा भाव विचारून तो ७० ने गुणा. उसळी सगळीकडे सारखी असेल तर मी त्याच्या अडीच-तीन पट देईन. नाव स्पष्ट, शिंग आणि टाच शाबूत असेल तर आणखी थोडे. बीड निघाली तर भंगाराच्या भावावर एक रुपया नाही. जुनेपणाचे वेगळे पैसे मी देत नाही. 'चौदा सालची' हे शब्द ऐकले की मी उलट भाव पाडायला घेतो.

आणि फक्त सुऱ्या-विळेच करायचे असतील तर शिंगाची गरजच नाही. रस्त्याकडेला बसणारे गाडिया लोहार जमिनीत ठोकलेल्या लहानशा चौकोनी ठोकळ्यावर दिवसभर काम करतात. रुळाचा फूटभर तुकडा उभा रोवलात तरी वर्षभर हात बसेल.

घेतलीत तर ॲक्टिव्हावर आणायचा विचार करू नका, लोडिंग रिक्षा करा. खाली बाभळीचा ओंडका घाला, इतका उंच की सरळ उभं राहून मूठ वळली की बोटांची पेरं माथ्याला टेकतील.