गरम इंजिनही अर्धा चोक ओढल्यावरच चालतं, चोक आत ढकलला की बंद पडतं

चोक बहुधा निर्दोष आहे. तो कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, जाणारी हवा कमी करतो आणि त्यानेच गाडी टिकते, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय.

तरी आधी एअर फिल्टर काढून चोकची पाकळी बघा. नॉब ओढल्यावर पूर्ण मिटली पाहिजे, ढकलल्यावर सरळ उभी. अर्धवट राहत असेल तर केबलचा स्क्रू सैल करून पुन्हा लावा, दोन मिलिमीटर ढील ठेवा.

मग आयडल जेट, म्हणजे इंजिन नुसतं फिरत असताना पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरमधला बारीक पितळी तुकडा. नव्वद टक्के लक्ष इथेच द्या. भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, पेट्रोलच्या वाळलेल्या राळेने बुजतं. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारून कॉम्प्रेसरची हवा द्या. तार अजिबात घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग काळा धूर सुरू.

जेट साफ असूनही तेच, तर इंजिन थंड असताना सुरू करून कार्बोरेटरच्या बुडाच्या गास्केटवर (सांधा बंद ठेवणारी पातळ चकती) क्लीनरचा हलका फवारा द्या. आवाज बदलला की गळती तिथेच. तापलेल्या एक्झॉस्टवर थेंबही उडू देऊ नका, भडका उडेल.

मिक्स्चर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, अलगद पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. बाकी ट्यूनिंग इंजिन गरम झाल्यावर.

आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबरी पाइप फुगतात. पुण्याच्या नाना पेठेतून गास्केट किट घ्याल तेव्हा इथेनॉलला टिकणारा पाइपही मागून घ्या.