पिंजरा रिकामा का राहतो?

प्रश्न : आमच्या सोसायटीचं आवार घुशींनी पोखरलंय. दोन पिंजरे आणले. पहिल्या रात्री एक सापडली, पुढे पंधरा दिवस पिंजरे रिकामेच. आमिष बदलूनही उपयोग नाही.

उत्तर : आमिष बदलत बसू नका, घाई नडली आहे. रोजच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की घूस काही दिवस तिला वळसा घालते. म्हणून पिंजऱ्याचं दार तारेनं उघडं बांधून ठेवा आणि चार-पाच रात्री नुसतं खायला द्या : सुका बोंबील, भाजलेलं खोबरं किंवा शिळी भजी. पिंजरा भिंतीला लागून, लांबी भिंतीच्या दिशेनं, वर गोणपाट. खाणं रोज फस्त होऊ लागलं की सगळ्या पिंजऱ्यांचा चाप एकाच रात्री लावा.

पिंजरे किती? संध्याकाळी प्रत्येक बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. सकाळी जिथला बोळा ढकललेला दिसेल, ते बीळ जिवंत. अशी दहा निघाली तर दोन पिंजरे कुठे पुरणार? निदान सहा हवेत. तेही उंदरांचे नकोत. मोठी घूस शेपटीसकट दोन फुटांपर्यंत भरते. छोट्या पिंजऱ्याचं दार तिच्या पाठीवर पडतं आणि ती मागच्या मागे निसटते. पिंजरा दोन फुटांहून लांब आणि जाड तारेचा घ्या.

उजाडताच पिंजरे तपासा, उन्हात प्राणी तडफडून मरतो. आत मुंगूस सापडलं तर तिथल्या तिथे सोडा, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो, त्यामुळे रबरी हातमोजे आणि नंतर ब्लीचिंगच्या पाण्यानं धुणं चुकवू नका. पकडलेल्या घुशी दुसऱ्याच्या गल्लीत नेऊन सोडणं तर अजिबात नको. मुंबईत वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागाला कळवा.

बिळं शेवटी बुजवा, दगड-काचा आणि सिमेंट घालून. आधी बुजवलीत तर शेजारी नवी निघतील. आणि कबुतरांना टाकलेले दाणे, उघडी कचराकुंडी राहिली तर हे सगळं पावसाळ्यानंतर पुन्हा करावं लागेल.

प्रश्न : माळ्यावर रात्री धावपळ, बिया भरलेली विष्ठा, आणि आंबेमोहोर भातासारखा वास. पिंजरा लावू का?

उत्तर : नको. ते उदमांजर आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय त्याला पकडणं गुन्हा ठरतो, आणि ते नेलं तरी रिकाम्या जागेत दुसरं येतं. माळ्यावर पीठ भुरभुरवा, पावलांवरून त्याची वाट आणि आत शिरायची फट सापडेल. छतावर टेकणाऱ्या फांद्या पाच-सहा फूट छाटा. ते रात्री बाहेर पडल्यावर त्या फटीत कागदाचा बोळा ठेवा. तीन रात्री हलला नाही तरच फटीवर जाड वेल्डमेश (लोखंडी तारेची जाळी) ठोका. आतून पिल्लांचा आवाज येत असेल तर ती आईमागे बाहेर पडू लागेपर्यंत थांबा, नाहीतर ती आत उपाशी मरतील आणि आई कौलं उचकटून आत शिरेल. अडचण वाटली तर वनविभागाचा १९२६ क्रमांक फिरवा.