औषध दिलेच नाही, तरी गाठ कशी?

प्रश्न : विस्टार जातीच्या रॅटवर आमचा दीर्घ मुदतीचा प्रयोग चालू आहे. कंट्रोल गटातल्या, म्हणजे औषध न दिलेल्या, वीस महिन्यांच्या मादीच्या गर्भाशयात वाटाण्याएवढी गाठ निघाली. प्रयोग वाया गेला का?
— संशोधक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. वीस महिन्यांची रॅट म्हणजे म्हातारी, आणि या वयात अशा गाठी आपसूक होतात. किती होतात हे कळावे म्हणूनच कंट्रोल गट ठेवायचा. मात्र ती गाठच आहे ना, हे आधी पाहा. प्रोइस्ट्रसमध्ये (ऋतुचक्रात अंडे सुटण्याच्या आधीचा टप्पा) गर्भाशयाची दोन्ही शिंगे, म्हणजे त्याचे दोन नळीसारखे फाटे, पाण्याने फुगून पारदर्शक दिसतात, ती गाठ नव्हे.

बहुधा स्ट्रोमल पॉलिप निघेल : देठाने भिंतीला लटकलेली, पोकळीत वाढलेली सौम्य गाठ. अशा मादीच्या योनीतून कधी रक्त दिसते, म्हणून पिंजऱ्यातला भुसा रोज बघावा. अॅडिनोकार्सिनोमात (ग्रंथींच्या कर्करोगात) ग्रंथी भिंतीच्या स्नायूत घुसतात. तो फरक ओळखायला गाठ, देठ आणि भिंत एकाच कापात यावी लागते. घोळ होतो तो इथेच. घाईत गाठ खुडून वेगळी बाटलीत टाकली, की पॅथॉलॉजिस्टच्या हाती काहीच उरत नाही. कोणते शिंग, गर्भाशयमुखापासून किती अंतर, तिन्ही मापे मिलिमीटरमध्ये, हे आधी लिहा. मग शिंग अख्खे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणारा द्रव) ठेवा. द्रव ऊतीच्या किमान दहापट हवा. आणि सर्व गटांतल्या माद्यांचे काप एकाच पद्धतीने, तितकेच घ्या. एका गटात चार आणि दुसऱ्यात दोन घेतले, तर तुलनेला अर्थ राहत नाही.

प्रश्न : फिशर ३४४ या जातीच्या रॅटच्या नरांच्या वृषणात पिवळट ठिपके दिसतात. औषधाचा परिणाम समजायचा का?
— प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : लगेच नको. दोन वर्षांच्या या जातीच्या जवळजवळ प्रत्येक नरात लायडिग पेशींच्या (वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी) गाठी सापडतात. पेशींचा पुंजका तीन वीर्यनलिकांच्या व्यासापेक्षा मोठा असेल तर अॅडिनोमा (सौम्य गाठ), लहान असेल तर हायपरप्लेसिया (पेशींची नुसती वाढ) म्हणतात. वृषण थेट फॉर्मेलिनमध्ये टाकू नका, नलिका आकसतात आणि मोजमाप चुकते. आधी मॉडिफाइड डेव्हिडसन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात २४ ते ४८ तास, मग फॉर्मेलिन. या गाठींवरून माणसाबद्दल तर्क करताना फार जपा : रॅटच्या लायडिग पेशींवर जीएनआरएच या मेंदूतल्या संप्रेरकाचे ग्राहक (त्याला पकडणारे रेणू) असतात, माणसाच्या पेशींवर ते जवळपास नसतातच.