जेन फोरचे चार हजार

प्रश्न : दादा, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासासाठी कॉम्प्युटर जोडून घेतोय. रात्री व्हॅलोरंट, सुट्टीत जीटीए फाइव्ह, एवढंच त्याचं खेळणं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी ठरलाय, ग्राफिक्स कार्ड सध्या नाही. दुकानदार ए५२० मदरबोर्ड नको, बी५५० घ्या म्हणतो. चार हजार जास्त. "जेन फोर आहे, नाहीतर पुढे पस्तावाल," म्हणाला. आमचे दीर म्हणतात दोन्ही सोडा, एएम५ (प्रोसेसर बसवायचा नवा सॉकेट) घ्या. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, दिरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते वेगळ्या खिशाचं आहे. एएम५ २०२२ साली आलं, त्यात रॅम डीडीआर५ लागते आणि तुमचा ५६००जी त्यात बसतच नाही. म्हणजे सगळं गणित पहिल्यापासून.

आता दुकानदार. ग्राफिक्स कार्ड आणि मुख्य एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) ज्या पीसीआयई लाइनींवर, म्हणजे डेटाच्या वाटांवर चालतात, त्या थेट प्रोसेसरमधून येतात. आणि ५६००जीमध्ये त्या थर्ड जनरेशनच्याच आहेत, बोर्ड कुठलाही लावा! ज्या 'जेन फोर'साठी, म्हणजे चौथ्या जनरेशनच्या लाइनींसाठी तुम्ही चार हजार मोजणार, ते या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. ए५२० घ्या. याच्यावर पुढे रायझन ५७००एक्स प्रोसेसरही चालतो. फक्त तेव्हा वेगळं कार्ड लागेल, कारण त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. कार्ड घ्यायची वेळ आली की आरएक्स ६५०० एक्सटी मात्र टाळा. ते चारच लाइनी वापरतं, थर्ड जनरेशनवर चांगलंच अडखळतं. आरएक्स ६६०० आठ वापरतं, त्याला फारसा फरक पडत नाही.

ए५२०मध्येही डोळे उघडे ठेवा. मागे एचडीएमआय हवंच, कारण मॉनिटर त्यालाच लागणार. एनव्हीएमई एसएसडीसाठी एम.२ स्लॉट आहे ना, बघा. रॅमचे दोनच स्लॉट असले तरी चालेल, पण १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका. ८-८च्या दोन घ्या. बिनकार्डाच्या मशीनमध्ये ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. एका पट्टीवर त्याचा अर्धा रस्ता बंद. हे आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यातही लोकांना पटत नाही, "१६ म्हणजे १६च ना" म्हणतात. आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय सुरू करून घ्या, नाहीतर ३२००ची रॅम अनेकदा २६६६ किंवा त्याहून कमी वेगाने रांगत राहते.

वाचलेल्या चार हजारांतले काही एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर घाला. कॅबिनेटच्या झगमगाटावर नको.

ऐरोलीहून ठाण्याला येऊन, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात तर लॅमिंग्टन रोडवर भाव घासाघीस करून मिळतो. पण पक्कं बिल घ्या आणि त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. मी एकदा हे केलं नाही. बोर्ड वर्षाच्या आत गेला आणि दुकानदार म्हणाला, "हा आमचा कशावरून?" माझ्याच धंद्यात मलाच हे ऐकावं लागलं. शिवाय एएम४ला (तुमच्या ५६००जीचा सॉकेट) पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. कूलर काढायचा असेल तर मशीन आधी थोडा वेळ चालवून गरम करा आणि हलका पिळून काढा. सरळ ओढलात तर वाळलेल्या पेस्टबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. वाकलेल्या पिना मी एकदा शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीच्या रिकाम्या नळीने सरळ केल्यात. दोन तास लागले, बायको जेवायला हाका मारत होती.

कॅबिनेट खाडीकडच्या खिडकीखाली ठेवू नका. पावसाळ्यातली खारट दमट हवा पोर्टांना गंज आणते.

राहिलं व्हॅलोरंट. विंडोज ११वर ते टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी सुरू असल्याशिवाय चालत नाही. विंडोज टाकण्याआधीच बायोसमध्ये दोन्ही सुरू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करायला सांगा. नाहीतर पहिल्याच रात्री गेम उघडणार नाही आणि मुलगा म्हणेल, "आई, बी५५०च घ्यायला हवा होता."